भास्करनाना आणि रंगांच्या पायऱ्या

टीव्हीच्या दुकानात गिऱ्हाईक आलं की विकणारा आधी आवाज वाढवतो. आमचे भास्करनाना आधी चित्र बंद करायचे.

जळगावच्या त्या दुकानात मी तक्रारींच्या टेबलावर बसायचे आणि माझ्या बरोबर समोर नानांची भिंत होती. भिंतभर टीव्ही. त्यांवर कंपन्यांनी पाठवलेल्या चित्रफिती दिवसभर चालत. पंख फडफडवणारे पोपट, पाण्यात पडणारी डाळिंबं, रंग उधळणाऱ्या पोरी. दारातून आत आलेलं माणूस तिथेच हरखून उभं राही. नाना लांब ढांगा टाकत येत, रिमोटने पोपट उडवून लावत आणि खिशातला पेनड्राइव्ह टीव्हीच्या पाठीत खोचत म्हणत, “ते लग्नाच्या पंगतीतलं ताट होतं. आता रोजच्या जेवणाचं बघू.”

त्या पेनड्राइव्हमध्ये बघण्यासारखं म्हणाल तर काहीच नव्हतं. पहाटेचं आभाळ, एक दिवा तेवत असलेली अंधारी खोली, उन्हात वाळत घातलेली पांढरी धोतरं. गिऱ्हाईक बुचकळ्यात पडे. नाना मात्र कमरेवर हात ठेवून, एखाद्या पहिलवानाने आपला आखाडा दाखवावा तसे उभे असत. उंच, काटकुळे, बारा महिने पांढरा शर्ट आणि राखाडी पँट. आवाज असा की पंख्यांच्या विभागातलं गिऱ्हाईकही वळून बघायचं. नम्रता त्यांच्या गावीही नव्हती. “जळगाव जिल्ह्यात टीव्ही विकणारे पुष्कळ आहेत, ताई,” ते मला म्हणत, “कळणारा मी एकच.” हे ते हसत म्हणत नसत.

पारोळ्याकडचं एक जोडपं आलेलं मला आठवतं. नवं घर बांधलेलं, बैठकीची भिंत मोठी, टीव्हीही मोठा हवा. नवरा वैतागलेला होता. दोन दुकानं फिरून, सगळ्या खोक्यांवर तेच वाचून आला होता, एचडीआर, म्हणजे उजेड-अंधार जास्त खुलवणारं चित्र.

“नाना, बठ्ठास्ना खोकावर एचडीआर लिखेल शे. मंग फरक काय शे?”

“लिखेल बठ्ठास्वर शे भाऊ,” नाना म्हणाले, “पन दिखस का, ते दखूत.”

त्यांनी शेजारशेजारच्या दोन टीव्हींवर तेच पहाटेचं आभाळ लावलं आणि मागे सरकले. नवरा दोन्हींकडे बघून म्हणाला, सारखंच आहे. बायको पुढे झाली. तिने एका पडद्यावर, क्षितिजाच्या जरा वर, बोट ठेवलं.

“आठे पट्टा दिखतस. घोंगडीना गत.”

तिथे तिला घोंगडीसारखे पट्टे दिसले याचा नानांना एवढा आनंद झाला की त्यांनी तिच्यासाठी खुर्ची मागवली. मग समजावलं. आभाळाचा रंग एकदम बदलत नाही, तो उतरत जातो. टीव्हीला तो उतार पायऱ्यापायऱ्यांनी दाखवावा लागतो. आठ बिटांच्या पडद्याकडे लाल, हिरवा, निळा अशा प्रत्येक रंगाच्या दोनशे छप्पन्न पायऱ्या असतात. दहा बिटांच्या पडद्याकडे हजार चोवीस. पायऱ्या कमी पडल्या की उताराचा जिना होतो आणि डोळ्याला पट्टे दिसतात. “आणि एक तिसरी जात आहे,” नाना म्हणाले. “आठ अधिक दोन. तो पडदा दोन पायऱ्यांवर इतका भरभर खालीवर नाचतो की मधली पायरी आहे असंच वाटतं. ती फसवणूक नाही, कसरत आहे. कसरत चांगली असली तर खुशाल घ्यावा.”

बाईंनी कसरतवाला घेतला. नवऱ्याला काही विचारण्याच्या भानगडीत त्या पडल्या नाहीत.

नानांना रंग दिसत नाहीत, हे मला त्या दुकानात लागल्यावर बऱ्याच दिवसांनी कळलं. तेही त्यांनीच सांगितलं, जेवताना, सहज. माझ्या डब्यात हिरव्या मिरचीचा ठेचा होता आणि दुसऱ्या कोणाच्या डब्यात लाल. नाना म्हणाले, “कोणता कोणता आहे ते सांगून द्या, मला दोन्ही एकाच मातीचे दिसतात.” मला वाटलं थट्टा करताहेत. मग माझी नजर त्यांच्या पांढऱ्या शर्टाकडे आणि राखाडी पँटकडे गेली आणि घास हातातच राहिला.

“घाबरता काय, आंधळा नाही,” ते म्हणाले. “लाल आणि हिरवा वेगळे कळत नाहीत, एवढंच. उजेड-अंधार मात्र तुमच्यापेक्षा मला बरा कळतो. पट्टे सगळ्यात आधी मलाच दिसतात. रंग मधे येत नाही ना!”

भुसावळचे ते. वडील रेल्वेचे ड्रायव्हर, घर रेल्वेच्या वसाहतीत. गाड्यांच्या शिट्ट्यांवर त्या घरातलं घड्याळ चालायचं. भास्कर इंजिनावर जाणार हे त्याला चालता यायच्या आधीच ठरलेलं. लेखी परीक्षा झाली, चांगली झाली, आणि वैद्यकीय तपासणीत समोर ठिपक्यांनी भरलेलं एक पान आलं. “आकडा वाचा,” डॉक्टर म्हणाले. भास्करला नुसते ठिपके दिसले. दुसरं पान आलं, तेही तसंच. डॉक्टर भला माणूस होता. त्याने पानं परत परत दाखवली.

“बाहेर बाकावर वडील पेढ्यांचा पुडा घेऊन बसलेले,” नाना सांगत होते. “मी म्हटलं, पास नाही झालो. ते म्हणाले, कशात? मी म्हटलं, रंगात. त्यांना कळेचना. रंगात कोण नापास होतं? मग दोघांनी मिळून ते पेढे तिथेच बाकावर बसून खाल्ले. घरी नेऊन काय सांगणार?”

सिग्नल लाल की हिरवा हे ज्याला कळत नाही त्याला इंजिन देता येत नाही, याबद्दल नानांची कधीच तक्रार नव्हती. “मीसुद्धा दिलं नसतं,” ते म्हणत. पुढे भुसावळातल्याच एका रेडिओ-टीव्हीच्या दुकानात चिकटले, तिथून जळगावला आले, आणि लग्न झालं. विमलवहिनी त्यांच्या शर्टांवरून कधी बोलल्या नाहीत. मुलगी झाली, तिचं नाव ऋतुजा.

ही ऋतुजा म्हणजे नानांचे डोळे. बाजारात गेले की ती त्यांच्या बोटाला धरून बोलत राही. टोमॅटो पिकला की नाही हे नानांना हाताने दाबून बघावं लागे, ती लांबूनच सांगे. पण नाना नुसत्या लाल-हिरव्यावर समाधान मानणारे नव्हते. “लाल म्हणजे कोणता लाल? कुंकवाचा की विटेचा?” पोरगी विचारात पडे, मग सांगे. “विटेचा, पण भिजलेल्या.” वहिनी सांगायच्या, चार माणसांना पुरतील एवढी रंगांची नावं त्या पोरीला शाळेत जाण्याआधी येत होती. डाळिंबी, गेरूचा, जांभुळका, कापसाच्या बोंडातला पिवळसर पांढरा. बापाला दिसत नाही म्हणून ती सांगत गेली, आणि सांगता सांगता तिला इतरांपेक्षा जास्त दिसायला लागलं.

मोठी होऊन ती म्हणाली, मला कलरिस्ट व्हायचंय. म्हणजे शूटिंग झालेल्या चित्रपटाच्या प्रत्येक दृश्याचा रंग आणि उजेड बसवायचा. त्याचं शिक्षण मुंबईत.

दुकानात तेव्हा आम्हाला एवढंच कळलं की नाना बोलेनासे झालेत. त्यांचा आवाज नाही म्हणजे दुकानात वीज गेल्यासारखं वाटायचं. शेवटी मी विचारलं. ते म्हणाले, “ताई, रंगाच्या धंद्यात एकदा आमच्या घरातला माणूस दारातून परत आलाय. आता पोरगी निघालीय. तिथे ती चुकली तर मला कळणारसुद्धा नाही की काय चुकलं. बाप म्हणून मी करू काय?”

“तिचे डोळे चांगले आहेत ना, नाना?”

“तपासून घेतले,” ते म्हणाले. म्हणजे पोरीला डॉक्टरकडे नेऊन ती ठिपक्यांची पानं त्यांनी तिच्यासमोर ठेववली होती. “भराभर वाचले सगळे आकडे. मी शेजारी उभा. मला आजही ठिपकेच दिसले.” एवढं बोलून ते बराच वेळ रिमोटच्या बॅटऱ्या बदलत बसले. बॅटऱ्या नव्याच होत्या.

ऋतुजा मुंबईला गेली. आणि नाना शिकायला लागले. तोवर ते टीव्ही इंचांवर विकत, सगळेच विकतात तसे. आता दुपारी गिऱ्हाईक नसलं की ते माहितीपत्रकं काढून बसत. रोज सकाळी मुलीला फोन आणि एक प्रश्न. बिट म्हणजे नक्की काय? एचडीआरमध्ये जास्त काय असतं, रंग की उजेड? दोन्ही, ती सांगे, काळोख जास्त काळा आणि उजेड जास्त उजळ, आणि मधल्या पायऱ्या भरपूर. नाना फोन ठेवून भिंतीसमोर जात आणि एकेका पडद्याला नाक लावून उभे राहत. रंग त्यांना शिकता येणार नव्हते. म्हणून त्यांनी उरलेलं सगळं शिकून घेतलं.

पहिला तडाखाही त्यांना तिनेच दिला. गणपतीत घरी आली होती. नानांनी हौसेने एचडीआर लिहिलेला टीव्ही घरी नेऊन लावला होता आणि तोच टीव्ही दुकानात भरभरून विकत होते. तिने आपलं काम असलेली एक छोटी फिल्म त्यावर लावली आणि दोन मिनिटांत बंद केली.

“पप्पा, हा एचडीआरचं चित्र घेतो, पण दाखवत नाही. ह्याच्या पडद्यात तेवढा उजेडच नाही. दिव्याची ज्योत आणि मागची भिंत, दोन्ही मळकट.”

“खोक्यावर लिहिलंय,” नाना म्हणाले.

“मग खोकंच बघत बसा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन नाना माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून बसले. मला वाटलं रागावलेत. तर म्हणाले, “पोरीने बापाला बरोबर पकडलं, ताई. एचडीआर घेता येणं वेगळं, दाखवता येणं वेगळं. मी आजवर लोकांना दुसरं सांगून पहिलं विकत होतो. आजपासून बंद.” चेहऱ्यावर शरम नव्हती, उलट नवीन काहीतरी हाती लागल्याची चमक होती. पोपटांच्या चित्रफिती त्यांनी त्याच दिवशी पहिल्यांदा बंद केल्या.

दिवाळीच्या तोंडावर ठिणगी पडली. शेठनी त्याच जातीच्या टीव्हींचा मोठा माल भरून ठेवला होता आणि दारावर पाटी लावली होती, खरा एचडीआर, दिवाळीच्या भावात. नानांनी पाटी वाचली आणि सरळ शेठच्या केबिनमध्ये गेले. दार उघडंच होतं, आम्ही सगळे ऐकत होतो.

“शेठ, पाटीतला ‘खरा’ काढा.”

“नाना, तुम्ही माल विकायला आहात. परीक्षा घ्यायला नाही.”

“मालच विकणार. साधा टीव्ही म्हणून विका, ढीग खपवून दाखवतो. पण हा खरा एचडीआर आहे हे वाक्य माझ्या तोंडून निघणार नाही.”

“मग तोंड दुसरीकडे घेऊन जा,” शेठ म्हणाले.

नानांची बदली मिक्सरकडे झाली. ऐन दिवाळीत, सगळ्यांदेखत. मला वाटलं हा माणूस आता मोडेल. नानांनी घरून सुक्या मिरच्या, लसूण आणि शेंगदाणे आणले आणि गिऱ्हाइकासमोर चटणी वाटायला सुरुवात केली. “भांडं रिकामं फिरवून मिक्सर कळत नाही वहिनी, मिरची घालून कळतो.” अख्खं दुकान शिंकत होतं आणि मिक्सर खपत होते.

इकडे टीव्हीच्या भिंतीसमोर वेगळंच चाललं होतं. भडगाव, जामनेर, चाळीसगावहून माणसं येत आणि विचारत, ते उंच नाना कुठे आहेत? आमच्या सोसायटीत त्यांनी दिला, आमच्या साडूला त्यांनी दिला. दुकानातली मुलं सांगत, ते आता मिक्सरला असतात. मग ती माणसं टीव्हीचे फोटो मोबाइलवर काढून मिक्सरच्या विभागात रांग लावत. नाना चटणी वाटता वाटता फोटो बघून सांगत, हा घ्या, हा नको, हा खोली उजेडाची असेल तरच.

एका दुपारी शेठ स्वतः रिमोट हातात घेऊन तिथे आले. शिंकले.

“चला.”

“पाटीचं काय?”

“काढली. तुम्हाला काय म्हणायचं ते म्हणा.”

नानांनी आधी हात धुतले. मग तोच माल, त्याच भिंतीवर, “साधा आणि गुणी टीव्ही, बातम्या-मालिकांना उत्तम, सिनेमाच्या शौकिनांनी पुढचा बघावा,” असं मोठ्याने सांगून विकला. दिवाळीनंतर त्यातला एकही शिल्लक राहिला नाही. शेठ पुढे इतरांना सांगायचे की ही युक्ती मुळात त्यांचीच. नानांनी ते कधी खोडलं नाही.

ऋतुजाने एकटीने रंग बसवलेली पहिली मालिका आली तेव्हा भर मे महिना होता. जळगावच्या मे महिन्यात दुपारी कुत्रंदेखील कोणाकडे जात नाही, पण नानांकडे आम्ही दहा-बारा जण जमलो होतो. नवा टीव्ही घेतलेला, खरोखरचा दहा बिटांचा. एचडीआर अंधारात खुलतो म्हणून नानांनी खिडक्यांवर चादरी टांगल्या होत्या, त्यामुळे कूलरचं वारंही अडलं होतं. सगळे घामाने निथळत होते. ऋतुजाने मुंबईहून मालिका बघायचा एक छोटा डबा पाठवला होता. तो वहिनींच्या भावाने उत्साहाने आधीच जोडून ठेवला होता.

चित्र लागलं. धुरकट. जणू सगळ्यावर कोणी राख भुरभुरवली होती. कोणी कोणाकडे बघेना. वहिनी हळूच म्हणाल्या, “असंच असेल. आजकाल असंच करतात.” तेवढ्यात ऋतुजाचा फोन आला आणि नानांनी तो उचलला नाही. त्यांना एवढं हललेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. पोरगी चुकली तर मला कळणार नाही, असं ते म्हणाले होते. आता सगळ्यांना दिसत होतं, आणि चूक कोणाची हेच कळत नव्हतं.

मग ते उठले, टीव्हीच्या मागे गेले, हाताने वायर चाचपली आणि तिथूनच ओरडले, “ही कुठली वायर?”

“जुन्या केबलच्या डब्याची,” वहिनींचे भाऊ म्हणाले. “एचडीएमआय म्हणजे एचडीएमआयच ना, नाना?”

“शेतातली गाडवाट रस्ता, आणि हायवेही रस्ता! केळीचा ट्रक गाडवाटेने आणाल का?”

डब्यासोबत आलेली वायर त्यांनी खोक्यातून काढली, दुसऱ्या एचडीएमआयच्या भोकात लावली, मग टीव्हीच्या मेनूत शिरले. टीव्ही कितीही चांगला असला तरी प्रत्येक भोकाचा दरवाजा पूर्ण उघडा आहे की अर्धा, हे तिथे एकेकाला सांगावं लागतं, आणि कारखान्यातून तो अर्धाच उघडा येतो. नानांनी तो पूर्ण उघडला. पडदा क्षणभर काळा झाला.

आणि खोली उजळली. पडद्यावर एक म्हातारी बाई हातात कंदील घेऊन अंधाऱ्या घरात एकेक दार ढकलत चालली होती. कंदिलाच्या काचेकडे बघवत नव्हतं इतकी ती झगझगत होती, आणि तरी कोपऱ्यातला काळोख काळोखच राहिला होता. वहिनींनी पदर तोंडाला लावला.

नाना पडद्याजवळ जमिनीवर बसले. फोन पुन्हा वाजला. त्यांनी तो स्पीकरवर टाकला.

“पप्पा? कसं दिसतंय?”

नानांनी पडद्याला नाक लावलं. मग म्हणाले, “भिंतीवर उजेड कुठे संपतो आणि अंधार कुठे लागतो, ते शोधतोय बेटा. सापडत नाही.”

मग ऋतुजा सांगायला लागली, कोणी न विचारता. “तिची शाल डाळिंबी आहे, पप्पा. कंदील जवळ गेला की भिजलेल्या विटेसारखी होते. आता ती दार उघडेल ना, बाहेर पहाट आहे, तिथे मी थोडा पिवळसर पांढरा ठेवलाय. बोंडातला.” नाना मान हलवत ऐकत होते आणि पडद्याकडे बघत होते. शेवटी तिचं नाव आलं. ते मात्र काळ्यावर पांढरं होतं. नानांनी ते मोठ्याने वाचलं, आडनावासकट.

नानांना नंतर शेठनी धुळ्याच्या नव्या शाखेवर नेलं, विकणाऱ्यांना शिकवायला. मीही ती नोकरी सोडली. भेटी कमी झाल्या. मध्यंतरी नात्यातल्या एका लग्नाला धुळ्याला गेले होते, परतीच्या बसला वेळ होता, म्हणून त्या दुकानात डोकावले. नाना भिंतीसमोर होते. केस पार पांढरे झालेले, आवाज तोच. मला बघून त्यांनी लांबूनच हात वर केला, “ताई, थांबा, चहा सांगतो!” आणि तेवढ्यात साक्रीकडचे एक वृद्ध गृहस्थ त्यांच्यापुढे येऊन उभे राहिले. पागोटं, हातात काठी, बरोबर सून.

“नाना, हाऊ टीव्ही चांगला शे का? बठ्ठा सांगतस, तुम्हलेच इचारानं.”

मला वाटलं आता सुरू होणार, बिट, पायऱ्या, वायर. नानांनी एक बुटकं स्टूल ओढलं, त्या आबांना बसवलं आणि स्वतः त्यांच्या शेजारी जमिनीवर मांडी घातली, म्हणजे दोघांचे डोळे पडद्यासमोर जवळपास सारख्या उंचीला आले. आभाळ लावलं.

“मी सांगसूच, आबा,” नाना म्हणाले. “पन पहिले तुम्ही सांगा. तुम्हले काय दिखस?”

आबा काठीवर हनुवटी टेकवून विचार करू लागले. चहा आला, माझ्या हातात ठेवला गेला. बसची वेळ होत आली तरी आबा सांगतच होते आणि नाना ऐकत होते. निरोप न घेताच मी निघाले. त्यांना मधेच उठवणं जिवावर आलं.